माऊसवरचा हात काढा: सेवा केंद्र, ग्रामपंचायत अन् ऑफिसातल्या कामाचे कीबोर्ड शॉर्टकट

जून लागला की सेवा केंद्रावर काय गर्दी असते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. पोट्ट्यांच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, पीक कर्जासाठी सातबारा अन् आठ-अ, पेरणी आटोपली की पीक विमा, सगळं एकदमच येऊन पडतं, अन् समोर जो कास्तकार बसून राहिला तो वावरातलं काम टाकून, तिकिटाला पैसे घालून आलेला असतो. अशा वेळी ऑपरेटर जर एकेका रकान्यात माऊस नेऊन क्लिक करून राहिला, मग कीबोर्डवर हात, मग परत माऊस, तर एका फॉर्मला नाही तेवढा वेळ जातो. साइट स्लो असते, सर्व्हर बसतो, त्याला आपण काही करू शकत नाही, पण ह्या माऊस-कीबोर्डच्या येरझाऱ्या तर बंद करू शकतो ना.

म्हणून हे लिहून राहिलो. सेवा केंद्र चालवणारे भाऊ, ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, शाळेतले क्लर्क, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, एमएससीआयटी करून नुकतेच कामाला लागलेले पोट्टे-पोट्ट्या, ह्यांच्या कामाचं जे आहे तेवढंच सांगतो. नेटवर शंभर शंभर शॉर्टकटच्या याद्या सापडतात, त्या पाठ करत बसू नका, त्यातले बहुतेक तुमच्या कामात कधी येणारच नाहीत. दिवसभरात जे काम सर्वात जास्त वेळा करता त्याचं बटण आधी शिका. अन् माझं ऐकाल तर सुरुवात कॉपी-पेस्टपासून नाही, टॅबपासून करा.

दोन गोष्टी आधी. मी जिथं कंट्रोल अधिक सी असं लिहीन तिथं कंट्रोल आधी दाबून धरायचं, मग सी दाबून सोडायचं, मग कंट्रोल सोडायचं. नवीन माणूस दोन्ही एकदम दाबायला जातो अन् नुसताच सी उमटतो. दुसरं, हे सगळं विंडोज १० अन् ११ धरून आहे. जुनं विंडोज ७ असलं तर बरंचसं चालेल पण क्लिपबोर्डचं (म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींच्या यादीचं) अन् स्क्रीनशॉटचं जे पुढं सांगतो ते चालणार नाही. (१० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, लोकांचे आधार-बँक नंबर ज्या मशीनवर दिवसभर टाकता ती मशीन जमल्यास ११ वर न्या.)

फॉर्म भरताना

टॅब दाबला की पुढच्या रकान्यात, शिफ्ट अधिक टॅब दाबलं की मागच्या रकान्यात. एवढं बहुतेकांना माहीत असतं पण वापरत कोणी नाही, कारण फॉर्मच्या मधात ड्रॉपडाऊन आला, टिक करायचा चौकोन आला की हात आपोआप माऊसवर जातो. तिथं जायची गरज नाही. टिकच्या चौकोनावर टॅबनं पोचलात की स्पेसबार दाबा, टिक होते, परत दाबा, निघते. स्त्री-पुरुष असे जे गोल असतात, ज्यातला एकच निवडता येतो, तिथं बाणाच्या बटणांनी खालीवर व्हायचं. अन् ड्रॉपडाऊनवर पोचलात तर तो उघडूच नका, सरळ अक्षर टाइप करा.

हे नीट सांगतो कारण सर्वात जास्त वेळ इथंच जातो. जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे ३६ जिल्हे असतात, अन् आपले विदर्भाचे ११ त्यात वर-मधात-खाली पांगलेले. समजा इंग्रजी यादी आहे अन् यवतमाळ पाहिजे. ड्रॉपडाऊनवर टॅबनं या, वाय दाबा, झालं, वायवरून दुसरा जिल्हाच नाही. वर्धा पाहिजे तर डब्ल्यू, वाशिम पाहिजे तर डब्ल्यू परत एकदा. भंडाऱ्याला नुसतं बी दाबलं तर आधी बीड येतं, म्हणून बी अन् एच लागोपाठ पटकन दाबा, बुलढाण्याला बी अन् यू. अमरावतीला ए अन् एम, अकोल्याला ए अन् के. मधात थांबलात तर कॉम्प्युटर दुसरं अक्षर नव्यानं सुरुवात समजतो, म्हणून पटपट. तालुक्याचं अन् गावाचं पण तसंच, अन् गावांची यादी तर दोनशे-दोनशे नावांची असते, तिथं माऊसनं खाली सरकवत गाव शोधणं म्हणजे डोळ्यांना नुसता त्रास. यादी मराठीत असली तर कीबोर्ड मराठीवर घेऊन पहिलं अक्षर टाइप करा, तेही चालतं. यादी उघडून बघायचीच असेल तर आल्ट अधिक खालचा बाण. काही नव्या साइटवर ड्रॉपडाऊन वेगळ्या पद्धतीनं बनवलेला असतो, त्यात शोधायचा रकाना येतो, तिथं नाव टाइप करून बाणानं निवडायचं अन् एंटर मारायचा.

पण एंटर सांभाळून. साध्या रकान्यात असताना एंटर दाबला की बऱ्याच साइटवर फॉर्म सबमिटच होतो, अर्धवट असला तरी. पुढच्या रकान्यात जायला एंटर मारायची सवय असेल (जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना हमखास असते) ती फॉर्मपुरती मोडा. अन् एक, टॅबनं एखाद्या भरलेल्या रकान्यात गेलात की आतलं सगळं सिलेक्ट झालेलं असतं, म्हणजे एक जरी अक्षर दाबलं तरी आधीचं पुसलं जातं. नुसतं एक अक्षर सुधारायचं असेल तर आधी एंड नाहीतर होम दाबा, मग बाणानं तिथपर्यंत जा.

चुकीचा शब्द पूर्ण उडवायला कंट्रोल अधिक बॅकस्पेस, एकेक अक्षर खोडत बसू नका.

कागद समोर धरून फॉर्म भरायचा असला अन् कागद स्कॅन केलेला असला तर दोन खिडक्या शेजारी शेजारी लावा. स्कॅनच्या खिडकीत असताना विंडोज बटण अधिक डावा बाण, फॉर्मच्या खिडकीत विंडोज अधिक उजवा बाण. अर्ध्या स्क्रीनवर आधार कार्ड दिसून राहिलं, अर्ध्यावर फॉर्म, मान सारखी खाली-वर करायची गरज नाही, अन् नावाचं स्पेलिंग पण जसं आहे तसं उतरतं. आल्ट अधिक टॅबनं खिडक्या बदलत राहण्यापेक्षा मला हे कधीही जास्त पटतं.

कॉपी-पेस्ट, पण पंचवीस गोष्टींचं

कंट्रोल अधिक सी कॉपी, एक्स कट, व्ही पेस्ट, झेड म्हणजे केलेलं मागं घ्या, वाय म्हणजे मागं घेतलेलं परत आणा, ए म्हणजे सगळं सिलेक्ट. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं कीबोर्डच्या खालच्या ओळीत एकाला लागून एक आहेत ते उगाच नाही, डाव्या हातानं कंट्रोल धरून तिथल्या तिथं दाबता येतात, उजवा हात मोकळा राहतो. हे कट-कॉपी-पेस्ट ज्यांनी घडवलं त्यातले एक लॅरी टेस्लर, १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेत होते, म्हणजे ज्या कंपनीचं नाव आपल्या गावागावातल्या दुकानांच्या बोर्डावर आहे तीच. २०२० मध्ये ते गेले. दिवसभरात आपण किती वेळा त्यांचं काम वापरतो, नाव माहीत असावं म्हणून सांगितलं.

आता खरा कामाचा शॉर्टकट, विंडोज अधिक व्ही. साधं कॉपी केलं की आधीचं कॉपी केलेलं जातं. पण विंडोज अधिक व्ही दाबलं की तुम्ही शेवटी कॉपी केलेल्या २५ गोष्टींची यादी उघडते, त्यातली पाहिजे ती बाणानं निवडून एंटर मारायचा. पहिल्यांदा दाबाल तेव्हा चालू करू का असं विचारेल, ते चालू करा, एकदाच करावं लागतं. विंडोज १० मध्ये हे २०१८ च्या शेवटी आलं. एकाच माणसाचे तीन फॉर्म भरायचे असतील तर नाव, पत्ता, मोबाइल, खाते नंबर, आयएफएससी हे सगळं एका मागोमाग एक कॉपी करून घ्या अन् मग तिन्ही फॉर्मात तिथून टाकत जा. त्या यादीत एखाद्या ओळीला पिन करायची सोय आहे, पिन केलेलं कॉम्प्युटर बंद करून चालू केलं तरी राहतं, तिथं आपल्या केंद्राचा पत्ता, ईमेल, पिनकोड, नेहमी लागणारी वाक्यं पिन करून ठेवा.

अन् इथंच सावध पण राहायचं. ज्या यादीत तुमच्या सोयीसाठी नंबर साठून राहिले त्याच यादीत गावभरच्या लोकांचे आधार नंबर अन् खाते नंबर पण पडून राहतात, अन् तुम्ही चहाला उठलात तर कोणीही विंडोज अधिक व्ही दाबून बघू शकतो. एका माणसाचं काम झालं की ती यादी उघडून क्लिअर ऑल करा, कोणाचाही आधार नंबर पिन करू नका, अन् खुर्चीवरून उठताना विंडोज अधिक एल दाबा, स्क्रीन लॉक होते. लोकांनी विश्वासानं कागद आपल्या हातात दिलेले असतात, एवढं तर करायलाच पाहिजे.

आधार नंबर पेस्ट करताना आणखी एक. कार्डावर तो चार-चार आकड्यांच्या तीन गटात लिहिलेला असतो, मधात जागा सोडून. तसाच्या तसा जागांसकट कॉपी केला अन् फॉर्मचा रकाना फक्त १२ अक्षरं घेणारा असला तर दोन मोकळ्या जागा पण मोजल्या जातात अन् शेवटचे दोन आकडे कापले जातात. पेस्ट केल्यावर शेवटचे आकडे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

व्हॉट्सॲपवरून नाहीतर एखाद्या साइटवरून मजकूर आणून वर्डमध्ये टाकला की त्याचा रंग, फॉन्ट, आकार सगळं सोबत येतं. साधा मजकूर पाहिजे असेल तर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक व्ही, क्रोममध्ये अन् नव्या वर्डमध्ये चालतं. जुन्या वर्डमध्ये पेस्ट करून ते सिलेक्ट करा अन् कंट्रोल अधिक स्पेस मारा, अक्षरांची सजावट निघून जाते.

मराठी टायपिंग

इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज अधिक स्पेस. खाली कोपऱ्यात जाऊन क्लिक करत बसायची काहीच गरज नाही. दोनच कीबोर्ड ठेवा, इंग्रजी अन् एक मराठी, तीन-चार भरून ठेवले की दरवेळी कोणता आला ते बघत बसावं लागतं.

मराठी कोणता घ्यायचा तर ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे, सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठीच्या ऑप्शनमधून जोडता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण रोज पान-पान मराठी टाइप करायचं असेल, ठराव, इतिवृत्त, अर्ज, तर इनस्क्रिप्ट शिका. हे मी मनापासून सांगून राहिलो. त्यात स्वर अन् मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं जास्त करून उजव्या हाताला, त्यामुळं दोन्ही हात आलटून पालटून चालतात अन् एक ताल बसतो. अर्ज हा शब्द बघा: शिफ्ट धरून डी म्हणजे अ, जे म्हणजे र, नुसता डी म्हणजे पाय मोडायचा, पी म्हणजे ज. चार दाबात शब्द, रफार आपोआप. तोच नुसता डी सगळी जोडाक्षरं करतो, एच-डी-जे केलं की प्र.

अन् जो शब्द आपण रोज लिहितो अन् रोज चुकतो, शेतकऱ्यांना. साध्या र ला य जोडला की तो शेतकर्यांना असा रफार होऊन बसतो, शासनाच्या पत्रात पण असं छापलेलं दिसतं. त्याच्यासाठी वेगळा ऱ आहे, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे. म्हणजे शिफ्ट एम, एस, एल, के झालं की शेतक, मग शिफ्ट जे, डी, तिरप्या रेघेचं बटण, ई, एक्स, व्ही, ई. दोन-चार वेळा केलं की बोटं विसरत नाहीत. बऱ्याच, दुसऱ्या, वाऱ्याने, कुऱ्हाड, सगळ्याला तोच.

कृतीदेव नाहीतर शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर साइटच्या फॉर्ममध्ये पेस्ट केला की नुसती खिचडी दिसते, कारण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. इनस्क्रिप्ट अन् फोनेटिक दोन्ही युनिकोडमध्ये लिहितात, ते कुठंही नेलं तरी मराठीच राहतं. आता नवीन काही टाइप करायचं ते युनिकोडमध्येच करा.

एक्सेल

घरपट्टीची यादी, बचत गटाचा जमा-खर्च, शाळेचा पट, सोयाबीन कोणाचं किती क्विंटल आलं त्याचा हिशेब, आपल्याकडं सगळं एक्सेलमध्येच असतं.

एंट्री करताना आडव्या ओळीत टॅबनं पुढं जा, अनुक्रमांक, नाव, घर नंबर, रक्कम, अन् शेवटच्या रकान्यात एंटर मारा, कर्सर बरोबर खालच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात येऊन उभा राहतो. मधात माऊसनं क्लिक केलं तर हे तुटतं. एवढी एक गोष्ट जरी अंगवळणी पडली तरी एंट्रीचा स्पीड कुठल्या कुठं जातो.

आजची तारीख टाकायला कंट्रोल अधिक अर्धविरामाचं बटण, एल च्या शेजारचं. वरच्या रकान्यात जे आहे तेच खाली पाहिजे तर कंट्रोल अधिक डी. शंभर ओळींत तालुक्याचं नाव एकच टाकायचं आहे तर त्या शंभर जागा सिलेक्ट करा, नाव एकदा टाइप करा अन् कंट्रोल अधिक एंटर, सगळीकडं उतरतं. भरलेल्या रकान्यात दुरुस्ती करायला डबल क्लिक नाही, एफ २. एकाच रकान्यात पत्ता दोन ओळींत लिहायचा तर आल्ट अधिक एंटर.

मोठ्या यादीत शेवटच्या नावावर जायला कंट्रोल अधिक खालचा बाण, तिथपर्यंत सिलेक्ट करत जायला सोबत शिफ्ट पण धरा. आकड्यांच्या खालच्या रिकाम्या जागेवर उभं राहून आल्ट अधिक बरोबरचं चिन्ह मारलं अन् एंटर दाबला की बेरीज तयार. फक्त मधात एखादी जागा रिकामी असली तर ती बेरीज त्या रिकाम्या जागेच्या खालचीच धरते, म्हणून एंटर मारायच्या आधी चौकट कुठून कुठपर्यंत आली ते बघा. घरपट्टी कोणाची बाकी आहे एवढंच बघायचं तर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक एल, वरच्या ओळीत फिल्टरचे बाण येतात.

कंट्रोल अधिक ई हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, एक्सेल २०१३ पासून आहे. एका रकान्यात आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं एकत्र लिहिलेलं आहे अन् तुम्हाला फक्त नाव वेगळं पाहिजे. शेजारच्या रकान्यात पहिल्या माणसाचं नाव तुम्ही हातानं टाइप करा, एंटर मारा, अन् खालच्या जागेवर कंट्रोल अधिक ई. खालची सगळी नावं तो स्वतः ओळखून भरतो. जिथं एखाद्याचं वडिलांचं नाव लिहिलेलंच नाही नाहीतर आडनाव दोन शब्दांचं आहे तिथं चुकू शकतो, म्हणून यादीवरून एकदा नजर टाका, पण दोनशे नावं हातानं परत टाइप करण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता आधार अन् खाते नंबर. ह्याला शॉर्टकट म्हणा नाहीतर काळजी म्हणा, पण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. एक्सेल आकड्याला आकडा समजतो, हिशेबाची रक्कम. त्यामुळं १२ आकडी आधार टाकला की मधात ई घातलेलं काहीतरी विचित्र दिसतं. खाते नंबर शून्यानं सुरू होत असेल तर ते शून्य उडून जातं. अन् सगळ्यात वाईट म्हणजे एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच खरा आकडा लक्षात ठेवतो, १६ आकडी खाते नंबर टाकला तर शेवटच्या आकड्याच्या जागी गुपचूप शून्य येतं, कुठं काही लाल होत नाही, काही विचारत नाही, अन् मग अनुदानाचे पैसे अडकले की तो माणूस बँकेत अन् तहसीलमध्ये चकरा मारत राहतो. म्हणून एंट्री सुरू करायच्या आधी तो पूर्ण उभा रकाना कंट्रोल अधिक स्पेसनं सिलेक्ट करा, कंट्रोल अधिक १ दाबा, त्यात टेक्स्ट निवडा, ओके. मग टाका नंबर. नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही, गेलेला आकडा परत येत नाही. एखादाच नंबर असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाका, ते दिसत नाही पण काम करतं.

स्कॅन, फोटो, अपलोड

विंडोज अधिक ई दाबलं की फोल्डरची खिडकी उघडते, कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक एन केलं की नवीन फोल्डर. माणसागणिक एक फोल्डर करा, नाव अन् गाव लिहून. स्कॅनरमधून आलेल्या फाइलींची नावं सगळी सारखीच असतात, स्कॅन एक, स्कॅन दोन, त्यात आधार कोणता अन् सातबारा कोणता ते कळत नाही, तर आल्ट अधिक पी दाबा, उजव्या बाजूला फाइलीचं चित्र दिसून राहतं, उघडायची गरज नाही. मग एफ २ दाबून नाव बदला, अन् एंटर न मारता टॅब मारा, लगेच पुढच्या फाइलीचं नाव बदलायला तयार. आधार, टॅब, सातबारा, टॅब, पासबुक, टॅब, असं सरसर होतं.

साइट म्हणते फोटो अमुक केबीच्या आत पाहिजे. फाइलीवर उभं राहून आल्ट अधिक एंटर, साइज समोर. अपलोड करताना जी फाइल निवडायची खिडकी येते त्यात फोल्डर शोधत फिरण्यापेक्षा विंडोज ११ असेल तर आधीच फाइलीवर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक सी करून तिचा पूर्ण पत्ता कॉपी करून ठेवा अन् त्या खिडकीत नावाच्या जागी पेस्ट करून एंटर मारा.

पावती नाहीतर एरर आलेली स्क्रीन पाठवायची तर मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढू नका, ते रेघारेघांचं काही वाचता येत नाही. विंडोज अधिक शिफ्ट अधिक एस, पाहिजे तेवढा चौकोन ओढा (इथं मात्र माऊस लागतो), अन् व्हॉट्सॲप वेबमध्ये कंट्रोल अधिक व्ही. पूर्ण पावती ठेवायची तर कंट्रोल अधिक पी करून प्रिंटरच्या जागी सेव्ह ॲज पीडीएफ निवडा.

शिफ्ट अधिक डिलीट ह्याची सवय लावू नका. ते रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जातं, अन् लोकांचे कागद आहेत ते.

ब्राउझर

कंट्रोल अधिक टी नवीन टॅब, डब्ल्यू बंद, चुकून बंद झाला तर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक टी, परत येतो, मात्र फॉर्मात भरलेलं परत येईलच असं नाही. रोज ज्या साइट लागतात त्या सकाळी ठरलेल्या क्रमानं उघडा, आपले सरकार पहिली, महाभूमी दुसरी, महाडीबीटी तिसरी, मग कंट्रोल अधिक १, २, ३ असं थेट त्या त्या टॅबवर जाता येतं. साइट अर्धवट उघडली, जुनंच काही दाखवून राहिली तर कंट्रोल अधिक एफ ५, हे नुसत्या एफ ५ पेक्षा वेगळं आहे, सगळं नव्यानं आणतं. फॉर्म भरत असताना मात्र दोन्हीला हात लावू नका. डाउनलोड झालेला दाखला कुठं गेला ते बघायला कंट्रोल अधिक जे.

समोरच्या माणसाच्या स्वतःच्या लॉगिननं काम करायचं असेल तर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक एन, वेगळी खिडकी उघडते, काम झालं की ती बंद केली म्हणजे त्याचं लॉगिन मशीनवर राहत नाही. अन् म्हाताऱ्या माणसाला भरलेला फॉर्म दाखवायचा तर कंट्रोल अधिक प्लस दोन-तीन वेळा दाबा, अक्षर मोठं होतं, त्यांना स्वतःला नाव-गट नंबर वाचून खात्री करू द्या, मग कंट्रोल अधिक शून्य केलं की पहिल्यासारखं. सबमिट करायच्या आधी हे केलंच पाहिजे असं माझं मत आहे, घाई कितीही असो.

लाइन गेली तर

यूपीएसची बॅटरी आपल्याकडं किती टिकते ते सगळ्यांना माहीत आहे. वर्ड, एक्सेलमध्ये दर एका परिच्छेदाला, दर पाच-दहा एंट्रीला कंट्रोल अधिक एस, हात आपोआप गेला पाहिजे. वर्ड स्वतः पण मधून मधून बचावाची प्रत ठेवतो पण ठरलेल्याप्रमाणे दर १० मिनिटांनी, ऑप्शनमध्ये सेव्हमध्ये जाऊन ते २ मिनिटं करून टाका. एफ १२ दाबलं की दुसऱ्या नावानं सेव्ह करायची खिडकी थेट येते, मागच्या वर्षीच्या अर्जावरून नवीन अर्ज करताना सर्वात आधी हेच करा, म्हणजे जुना अर्ज शाबूत राहील.

ब्राउझरमध्ये कंट्रोल अधिक एस केल्यानं फॉर्म सेव्ह होत नाही, नुसतं ते पान कॉम्प्युटरवर उतरतं. तक्रारीचा नाहीतर विनंतीचा लांब मजकूर असला तर आधी नोटपॅडमध्ये लिहा, सेव्ह करा, मग फॉर्ममध्ये पेस्ट करा.

कीबोर्ड अडला तर

लॅपटॉपवर एफ २ दाबलं अन् आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त झाला तर एफएन बटण सोबत धरावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन अधिक एस्केप एकदा दाबलं की ती भानगड कायमची बदलते.

अचानक कीबोर्ड सुस्त झाला, बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, तर तो खराब झाला असं समजून नवीन आणायला जाऊ नका. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिलं की फिल्टर की नावाची सोय चालू होते, हात टेकून बसलेल्याकडून होतं असं. परत उजवं शिफ्ट ८ सेकंद धरा, बंद होईल. शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं तर स्टिकी की विचारते, तिला नाही म्हणा. आकड्यांच्या बाजूनं आकडे न उमटता कर्सर इकडं तिकडं पळून राहिला तर नम लॉक बंद आहे.

स्क्रीन काळी पडली पण मशीन चालू आहे असं वाटलं तर विंडोज अधिक कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक बी, स्क्रीन क्षणभर लुकलुकते अन् बऱ्याचदा परत येते, बंद-चालू करून भरलेला फॉर्म घालवायच्या आधी हे करून बघा. एखादा प्रोग्राम अडकून बसला तर कंट्रोल अधिक शिफ्ट अधिक एस्केप, टास्क मॅनेजर उघडतो, तिथून तेवढाच बंद करा.

अन् एखादं बटणच गेलं, धुळीनं म्हणा, चहा सांडून म्हणा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ तर विचारूच नका, तर विंडोज अधिक कंट्रोल अधिक ओ दाबा, स्क्रीनवरच कीबोर्ड येतो, तेवढं अक्षर त्यावर क्लिक करून दिवसभराचं काम निभावतं, संध्याकाळी तालुक्याला गेलात की नवीन कीबोर्ड आणा, अन् घेताना बटणांवर मराठी अक्षरं छापलेला मिळाला तर तोच घ्या.